आपण ठरवू

४ फेब्रुवारी
मालकांना जाऊन महिना झाला. त्यांच्या मुलीने लाँड्री आम्हा कामगारांच्या हवाली केली. एकत्र राहून चालवलीत तर तुमची, फुटलात तर विकून टाकेन, म्हणाली. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण स्वातंत्र्यवादी समाजवाद मुळापासून वाचलाय. मालक नको, मॅनेजर नको, पदच नको. सगळं सर्वांनी मिळून ठरवायचं. बॉयलरवाला, माझा शाळेपासूनचा दोस्त, म्हणाला, लेका, जमलं तर झेंडा लावू. आजपासून ‘मी’ बंद, सगळ्यांनी ‘आपण’ म्हणायचं. ठराव मीच मांडला, मीच लिहिला. एकमताने मंजूर.

११ फेब्रुवारी
धुण्याचं मोठं मशीन बंद पडलं. कुणी हुकूम सोडला नाही. बॉयलरवाला आत शिरला, इस्त्रीवाल्या ताईंनी पट्टा धरला, बाकीच्यांनी चादरी हाताने पिळल्या. जेवणाच्या सुट्टीआधी मशीन चालू! मालक असते तर मेकॅनिक येईपर्यंत नुसत्या शिव्या खाल्ल्या असत्या. सिद्धांत खरा आहे. डोळ्यांत पाणी आलं. (सोड्याची वाफ.)

१५ फेब्रुवारी
गटाराची जाळी तुंबली. स्वयंप्रेरणेने कुणीतरी पुढे येईल म्हणून वाट पाहिली. पाणी घोट्यापर्यंत आलं. शेवटी मी घडीवाल्याकडे नुसतं पाहिलं. तो स्वेच्छेने गेला.
बायको म्हणाली, तुमची ती स्वयंप्रेरणा घरच्या भांड्यांपर्यंत येऊ द्या एकदा. घर हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर नंतर वाचेन.

२२ फेब्रुवारी
मालकांची काचेची केबिन रिकामीच होती. दुपारी तिथे बसतो. फक्त वाचायला. खुर्चीच्या गादीला मालकांच्या मापाचा खड्डा पडलाय. मला बरोबर होतो.

२६ फेब्रुवारी
विचित्र प्रकार. मी हॉलमध्ये आलो की गप्पा बंद. सगळे माझ्या खांद्याच्या जरा मागे बघतात. वळून पाहिलं, कुणी नाही. ताईंना विचारलं. म्हणाल्या, दुपारी वाफेतून बघितलं की काचेआड मालक बसलेले दिसतात, अंगावर काटा येतो.
दुपारी मी स्वतः आत असतो. मला कुणीही दिसलेलं नाही. अंधश्रद्धेवर व्याख्यान घ्यायला हवं.
तरी आज केबिनमध्ये कुणीतरी श्वास घेतंय असं वाटत राहिलं. मी श्वास रोखून ऐकलं. त्यानेही रोखला.

५ मार्च
‘आपण’ रुजलं! आपण सांगाल तसं. आपण ठरवा. आपण जेवलात का? बॉयलरवाल्याने तर दार धरलं, म्हणाला, आपण आधी. त्याला म्हटलं, अरे, ‘आपण ठरवा’ नाही, ‘आपण ठरवू’. तो म्हणाला, आपलं बरोबर आहे.
बॉयलरला टेकून उभा होतो, तरी गार वाटलं.

१० मार्च
ताई काम सोडतायत. त्यांच्यामागून आणखी तिघं जातील, म्हणजे लाँड्री विकलीच. कारण विचारलं. म्हणाल्या, ते निदान मालक होते, पाठीमागे शिव्या देता येत होत्या. आपण कुणीच नाही. मग आपल्याला काढायचं कुठून?
समजावलं, मला पद नाही म्हणजे सत्ता नाही. नसलेल्या सत्तेला काय घाबरायचं? त्या पुन्हा माझ्या मागे बघत होत्या.
पुस्तकात हा प्रसंग नाही.

१४ मार्च
बैठक मला न विचारता बोलावली. बॉयलरवाला म्हणाला, आम्ही ठरवलंय. ‘आम्ही’!
विषय पहिला: व्यवस्थापक हे पद निर्माण करून त्यावर माझी निवड. माझ्याखेरीज सगळे हात वर. तत्त्व म्हणून मी विरोध केला. आभाराची दोन वाक्यं मात्र मनात जुळत होती.
विषय दुसरा: पदावरच्या कुणालाही सभा केव्हाही काढू शकते, या माझ्याच आवडत्या तत्त्वानुसार व्यवस्थापकाला काढणं. पुन्हा तेवढेच हात वर.
ताई राहतायत. लाँड्री वाचली. म्हणजे सिद्धांत शेवटी बरोबरच होता.
इतिवृत्त घडीवाल्याने लिहिलं. माझा उल्लेख ‘भूतपूर्व व्यवस्थापक’. पहिली दोन अक्षरं उगाच मोठी काढली आहेत. त्याचं अक्षर सुधारायला हवं.