थंडीतल्या उंदरांच्या नलिका

कारंजा लाड,
१५ डिसेंबर १९५७

प्रिय जगदेव,

दिवाळीनंतर लिहिलेलं तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. एरवी मी दुसऱ्या दिवशीच उत्तर टाकते, म्हणून तू काळजीत असशील. काळजीचं काही नाही. सकाळी शाळा आणि शाळेनंतर बाबा, एवढंच. झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणंही दोन-चार शब्दांवर आलंय. तुझं पाकीट हातात दिसलं की "कोनाचं?" विचारतात. मी सांगते, आणि ते डोळे मिटून घेतात. त्यांच्या ओठांतून ओघळणारी लाळ पुसताना मला आपली नागपूरची प्रयोगशाळा आठवते, पण ते इथे कोणाला सांगू?

शाळेत मी मुलींना शरीरशास्त्र शिकवते आणि शिक्षिका कमी आहेत म्हणून शिवणही. कपाटात एक जुना सूक्ष्मदर्शक सापडला, तो पुसून ठेवलाय. शिपाईण चतुराबाई मला सरकीच्या गोदामातले उंदीर आणून देते. परवा म्हणाली, "बाई, लोकं नवरा पाह्यतात, अन् तुमी उंदराचं थुंकं पाहून राह्यल्या! कायले?" मी हसले. घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

तुला आपली पहिली चांगली काचपट्टी आठवते? नराच्या लाळग्रंथीतली नलिका, रुंद, भोवती उंच पेशी, आणि कणसात दाणे भरावेत तशा त्या स्रावाच्या कणांनी गच्च. तू जागेवरूनच ओरडलास, "पाह्य वं मनकर्णा, कसं भरून राह्यलं!" सगळी प्रयोगशाळा आपल्या वऱ्हाडीला हसली. मग मादीची पट्टी लावली, तर नलिका अरुंद, पेशी बुटक्या आणि कण विरळ. एकाच जातीच्या उंदरांत एवढा फरक! त्या दिवशी आपण जेवायचं विसरलो होतो.

मे महिन्यात तू लिहिलंस की हिवाळ्यातल्या उंदरांत सगळं उलटं दिसतंय, माद्यांच्या नलिका रुंद आणि नरांच्या अरुंद. थंडीनं पेशी बदलतात असं तू मांडलंस, त्यावर अख्खं प्रकरण रचलंस. सर खूश आहेत, जानेवारीत प्रबंध जाणार, आभारांत माझं नाव आहे. प्रत्येक पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "तुला काय वाटतं?" इथे मला हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी दर वेळी "छान" एवढंच लिहिलं.

थंडी पडेपर्यंत थांबू, मगच बोलू, असं मी स्वतःला बजावत राहिले. तो बहाणाच होता. गेल्या आठवड्यात गारठा पडला. चतुराबाईनं आणलेल्या उंदरांच्या ग्रंथींचे वस्तऱ्यानं पातळ काप केले. ओबडधोबड झाले, पण दिसायचं ते दिसलं. नर नरासारखेच होते, माद्या माद्यांसारख्याच. थंडीनं काहीही बदललं नव्हतं.

जगदेव, बाबांना झटका आल्याची तार आली तेव्हा मी हिवाळ्यातल्या उंदरांच्या त्या दोन बरण्यांचं, एक नरांच्या ग्रंथींची आणि एक माद्यांच्या, स्पिरिट बदलत होते. घाईत स्पिरिट सांडलं आणि दोन्ही चिठ्ठ्या भिजून सुटल्या. गाडीची वेळ झाली होती. मी अंदाजानं चिठ्ठ्या चिकटवल्या आणि निघाले. स्टेशनवर तू सोडायला आलास, पण तेव्हा बरण्या माझ्या डोक्यातच नव्हत्या. मेचं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कळलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. तरी मी गप्प राहिले, ते बदनामीच्या भीतीनं नाही. तुझं प्रत्येक पत्र त्या पट्ट्यांबद्दल असायचं. हा घोळ मिटला तर तुला मला लिहायला कारणच उरणार नाही, एवढ्यासाठी मी सात महिने तुला खोट्यावर प्रकरण रचू दिलं. उद्या सकाळी शेजारचा फुलचंद मूर्तिजापूरच्या गाडीनं नागपूरला निघतोय. त्याच्याजवळ हे पत्र आणि आठ बाटल्या देते. प्रत्येकीत एकाच उंदराची ग्रंथी आहे, चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहून आत टाकली आहे. तू स्वतः कापून बघ आणि ते प्रकरण काढून टाक. सरांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. तुझ्या उत्तराची वाट पाहणार नाही, असं लिहिणार होते. पण आता आणखी खोटं नको.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क राहिला की नाही, ठाऊक नसलेली,
मनकर्णा