पाण्याकडे पाठ

मंगळवार, २२ एप्रिल. सकाळी नळाला पाणी कमी दाबाने आलं, दोनच हंडे भरले. दहा वाजता केडगावच्या चौकात जाऊन चपलेचा अंगठा शिवून आणला. येताना ऊन फार लागलं. जेवणात भाकरी आणि काल उरलेलं पिठलं. दुपारी पेपर वाचला. आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळी होत्या, श्रीगोंद्याकडच्या पाटाला पाणी सोडलं आहे, लोकांनी काठावर जाऊ नये. पेपर घडी करून ठेवला आणि वही घेतली.

आप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटली. तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी मी कधी चार वाक्यं धड बोलले नाही, आता काय बोलणार. पण त्या चार ओळी वाचून मला राग आला आणि तो पेपरवाल्यांचा नव्हता. काठावर जाऊ नये म्हणे. जाऊ नये हे सांगायला काही लागत नाही. लोक जाणारच, हे धरून तिथे बसायला माणूस लागतो. आपल्या पाटावर तो माणूस तुम्ही होतात, आणि आज तुमची आठवण कोणाला असलीच तर चपला मोजणारा म्हातारा म्हणून असेल.

आपल्या घरात नाव चालवायचा धंदा. नदीवर पूल झाला, नाव काठावर पालथी पडली आणि तुम्ही पाटाच्या खात्यात लागलात. गावाबाहेर धुण्याच्या पायऱ्या होत्या आणि तिथून हाकेच्या अंतरावर पाट ओढ्याखालून नेला होता. पाणी एका तोंडातून जमिनीखाली जायचं आणि ओढ्याच्या पलीकडे वर यायचं. सगळे त्याला सायफन म्हणत. त्या तोंडात गेलेलं माणूस पलीकडे निघायचं, पण जिवंत नाही. अशी दोन माणसं निघाल्यावर खात्याने पायऱ्यांवर राखणदार नेमला, म्हणजे तुम्हाला. पाणी सुटलेलं असेल तेवढे दिवस तुम्ही उजाडायच्या आत जायचात. सायफनच्या अलीकडे पाटावर आडवा दोर बांधलेला, त्याला डालड्याचे रिकामे डबे तरंगायला लावलेले. तुम्ही रोज दोन्ही काठांवरच्या गाठी ओढून बघायचात. ट्रकची ट्यूब सायकलच्या दुकानातून हवा भरून आणायचात. लोखंडी आकडा लावलेला लांब बांबू, गळ्यात शिट्टी. सकाळी पुरुष आणि गुरं, दहानंतर बायका.

बायकांच्या वेळेला तुम्ही पाण्याकडे पाठ करून बसायचात. बाभळीखाली, काठाच्या वर. बायकांनी आपल्या चपला तुमच्या पुढ्यात ओळीने काढून ठेवायच्या आणि तुमच्या मागून पायऱ्या उतरायच्या. पाण्यातून येणारी बाई आपला जोड उचलून घरी जायची. ओळीत जोड किती राहिले तितक्या बाया पाण्यात, हा तुमचा हिशेब. आणि कान मागे. तुम्ही म्हणायचात, "बुडणारं मानूस वरडत न्हाई. त्याला वरडायला वारंच नसतं. गलका एकाएकी कमी झाला की उठायचं." त्या पाठमोऱ्या बसण्यातून तुम्ही तीन बायका काढल्या, हे मला माहीत आहे. एकीच्या नवऱ्याने घरी येऊन तुम्हाला विचारलं होतं की तुम्ही तिला धरलं कुठे. तुम्ही म्हणालात, "केसाला." तो गेल्यावर आई खूप वेळ हसत होती. तुम्ही हसला नाहीत.

मी दहा वर्षांची असताना एकदा चपला बाभळीमागे भिरकावून तशीच पाण्यात उतरले होते. वर आले तर तुम्ही उभे. मला वाटलं मारणार. तुम्ही मला ओल्या कपड्यांनी त्या ओळीपुढे बसवलंत. "मोज." मी मोजले, सात जोड. "पान्यात बाया किती?" मी वळून बघितलं, सात. "आन तू?" मी बाभळीकडे बघितलं. "जिच्या चपला वळीत न्हाईत ती माझ्या लेखी पान्यात न्हाईच. मग बुडाली तर मी काढू कोनाला?" एवढंच बोललात. पण अंगावरचे कपडे वाळेपर्यंत उठू दिलं नाहीत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. जामखेडकडची माणसं आपल्या भागात दुष्काळी कामावर आली, माळावर पालं ठोकून राहिली. दिवसभर खडी फोडायची, कामावर वाटलेली सुकडी खायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पिण्यासाठी म्हणून आठ दिवस पाटाला पाणी सोडलं, तेव्हा ती सगळी पायऱ्यांवर आली. महिना महिना अंगाला पाणी लागलं नव्हतं त्यांच्या. त्यांच्यातल्या कितीतरी बायका अनवाणी. पहिल्याच दिवशी तुमच्या ते लक्षात आलं. संध्याकाळी तुम्ही ओढ्यातून मुठीएवढे धोंडे पाटीभर आणलेत आणि बाभळीखाली ढीग केलात. अनवाणी आलेल्या बाईने जाताना एक धोंडा उचलून ओळीत ठेवायचा, परत येताना ढिगात टाकायचा. तुम्ही आईला सांगत होतात, "दोनदा सांगावं लागतं. हसत्यात. पर ठिवत्यात." मी जवळच बसून भाकरी खात होते. ऐकलं होतं. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

पाचव्या दिवशी तुम्हाला ताप भरला. उभं राहवेना. दुसरा माणूस द्यायला खात्याकडे माणूस नव्हता. सकाळचं कसंतरी निभावलंत आणि दहाला घरी येऊन मला म्हणालात, "बायांच्या वक्ताला तू जा. दोन तासांचा सवाल हाय." मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, मास्तरकीच्या कोर्सला नगरला नंबर लागला होता. तुम्ही नगरहूनच मला चपला आणल्या होत्या, लाल पट्ट्यांच्या, चामड्याच्या. त्या घालून मी निघाले. तुम्ही शिट्टी माझ्या हातात दिलीत. "तू बाईमानूस हायस. तुला पाठ करून बसायचं कारन न्हाई. तोंड पान्याकडं करून बस. आन धोंड्याचं ध्यानात ठिव."

मी तोंड पाण्याकडे करूनच बसले होते आप्पा, निदान अर्धा तास. माझ्याही चपला मी ओळीच्या टोकाला काढून ठेवल्या होत्या. आपल्या गावच्या बायका धुणी आपटत होत्या. मग कामावरच्या पाचसहा जणी एकदम आल्या. त्यांच्यात माझ्यापेक्षा थोडी मोठी एक होती, काळी, उंच, खड्या आवाजाची. मला बघून तिने कमरेवर हात ठेवले. "काय गं ए मास्तरीण, आमच्या उघड्या पाठी तपासाया बसलीस व्हय? म्हाताऱ्याला तरी लाज व्हती, पाठ करून बसायचा!" सगळ्या हसल्या. आपल्या गावच्याही हसल्या. एक म्हणाली, "बघू दे की, तिच्या परीक्षेला आलंय." मला कानापर्यंत गरम झालं. मी उठले, बाभळीला वळसा घातला आणि तुमच्यासारखी पाण्याकडे पाठ करून बसले. पुढ्यात चपलांची ओळ. पिशवीतलं पुस्तक काढलं.

बारा वाजत आले. मागचा गलका कमी होत गेला. मला वाटलं, बायका चालल्या आहेत, कमी होणारच. एकेक जोड उचलला जात होता. शेवटी ओळीत एकच जोड राहिला, लाल पट्ट्यांचा. धोंडा एकही नव्हता. मी शिट्टी वाजवली, चपला घातल्या आणि घरी आले. तुम्ही विचारलंत, "समद्या वर आल्या?" मी म्हणाले, "हो, माझाच जोड उरला होता."

चार वाजता त्या उंच बाईची सासू आपल्या दारात आली. "माजी सून हितं आलीया का? कामावर न्हाई, पालावर न्हाई." तुम्ही अंगावरचं घोंगडं टाकलंत आणि तसेच तापात गेलात. मी मागे आले. तुम्ही आधी दोर बघितलात. मधले दोन डबे चेपले होते. तुम्ही ओढा ओलांडून पलीकडच्या तोंडाशी गेलात आणि पाण्यात उतरलात. तिला बाहेर काढून तिच्या अंगावर आपला सदरा टाकलात. आणि मग काय केलंत तर तिचे पाय बघितलेत. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "ही अनवानी हुती. तुला दिसलं न्हाई?" मी म्हणाले, "नाही."

खात्याचे साहेब जीपमधून तिसऱ्या दिवशी आले. पायऱ्यांजवळच्या पाटाच्या चौकीत खुर्ची टाकून बसले, बरोबर लिहिणारा कारकून. मी दाराबाहेर उभी होते. त्यांनी विचारलं, त्या वेळी पाण्यावर कोण होतं. तुम्ही म्हणालात, "नेमनूक माजी, मीच हुतो." कामावरच्या बायकांना माहीत होतं, पण मुकादमाने आदल्या दिवशीच त्यांची टोळी दुसऱ्या कामावर हलवली होती. आपल्या गावच्या बायका पदर तोंडाला लावून गप्प राहिल्या. साहेब म्हणाले, "तुम्ही पाठ करून बसता? आणि चपला मोजून माणसं राखता?" "व्हय साहेब." कारकून हसला. "आणि अनवाणी आलं तर? दुष्काळात निम्मा तालुका अनवाणी फिरतोय, एवढं तुम्हाला सुचलं नाही?"

धोंड्यांचा ढीग तिथून दिसत होता, आप्पा. चौकीच्या खिडकीतून सरळ. तुम्ही फक्त हात करायचा होता. पण धोंड्यांचं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग त्या दिवशी धोंडा का ठेवून घेतला नाही. तुम्ही खाली बघितलंत आणि म्हणालात, "न्हाई सुचलं." कारकुनाने ते लिहून घेतलं. तुम्ही खाली अंगठा नाही, सही केलीत. आईला तुमच्या सहीचा किती अभिमान होता.

तुम्हाला कामावरून कमी केलं. जूनमध्ये मी नगरला गेले, कोर्स केला, नोकरी लागली, चौतीस वर्षं पोरांना शिकवलं. लोक म्हणायचे, बापाने पोटाला चिमटा घेऊन पोरीला मास्तरीण केलं. मी मान हलवायची. खरं सांगू, तुम्ही मला काही विचारलंच नाहीत. माझं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही हे तुम्ही एकट्याने ठरवलंत. मी अठरा वर्षांची होते. मला चौकीत बोलावलं असतंत तर मी काय बोलले असते मला माहीत नाही, पण बोलले तरी असते. तुम्ही मलाही केसाला धरून बाहेर काढलंत आणि काठावर सोडून गेलात. पुढे सात वर्षं तुम्ही होतात. दिवाळीत, मेमध्ये मी घरी यायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवायचात. मी आत आले की कूस बदलायचात. आई म्हणायची, त्यांना उजेड सोसत नाही. पाण्यावर तुम्ही पाठ करून बसायचात तेव्हा कान मागे असायचे. घरात तेही नव्हते. मी कितीदा गप्प झाले असेन, तुम्ही उठला नाहीत. ह्याचा राग मी तुमच्या तेराव्यालाही सोडला नाही आणि आजही सोडलेला नाही.

पण मग एवढं लिहिल्यावर एक राहिलंच. हसून झाल्यावर त्या बाकीच्या जणी आपापल्या चपला काढून पायऱ्या उतरल्या, पण ती उंच बाई माझ्यामागे बाभळीच्या ह्या बाजूला आली होती. ओळीपाशी थांबली. "कसल्या भारी हायत्या गं चपला तुझ्या. माझ्या पायाला येत्यात का बघू?" आणि तिने पाय घातले. तिच्या टाचांना भेगा होत्या, खडीची पांढरी धूळ त्यात बसलेली. दोन पावलं चालली, मान उडवली, म्हणाली, "बग, मी बी झाले मास्तरीण." मग काढल्या, पुन्हा नीट ओळीत ठेवल्या, पट्टे सारखे केले, आणि अनवाणी पायऱ्यांकडे गेली. ढीग माझ्या हाताशी होता. धोंडा ठेव म्हणायला तोंड उघडायचं होतं फक्त. पण ती मला हसली होती, आणि तिच्याशी बोलायला लागू नये, तिने लवकर जावं, एवढंच मला वाटत होतं. म्हणून मी पुस्तकात बघितलं.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणाले. तुम्हाला ते खोटं कळलं होतं की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. कळलं असेल तर तुमचं ते पाठ करून जेवणं वेगळं होतं, आणि मग माझा राग कशाचा, तेही मला नीट सांगता येणार नाही.

वही मिटून ड्रॉवरमध्ये पाटल्यांच्या डबीखाली ठेवणार आहे. पाच वाजले. झाडायला उठले तर दारात ऊन आलं होतं आणि सकाळी शिवून आणलेला जोड तिथेच होता. दारात तेवढा एकच जोड. तो उचलला, धूळ झटकली, आत आणून ठेवला आणि कडी लावली.