लाँगइयरब्येन ते ट्रॉम्सो

३ फेब्रुवारी, मंगळवार
रेवतीचा फोन. त्यांच्या उत्तर ध्रुवाजवळच्या बेटावर, लाँगइयरब्येनला, बाळंतपण करत नाहीत. तीन आठवडे आधी विमानाने खाली ट्रॉम्सोला जायचं, तिथल्या दवाखान्यात. जावईबापूंना एवढी रजा नाही, ते मागाहून. सोबत विहीणबाई.
पहिलं बाळंतपण आईचं. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा माझ्या आईचा नेम मीही पाळला. दिवाळीत रेवतीने बोलावलं, मी नाही म्हटलं. विहीणबाईंना काय, मुलाचं घर. वैजापूरहून उठल्या, गेल्या.

४ फेब्रु.
फोटो आला. बर्फात वि.बाई, अंगावर रेवतीचा लाल कोट. मी पाठवलेली शाल कुठं दिसली नाही.

५ फेब्रु.
भिंतीवरच्या नकाशावर कागदाची पट्टी लावून अंतर मोजलं. साडेतीन हजार कि.मी. म्हणजे चार-साडेचार तास, या अवस्थेत. फोन करून झापलं, एवढा प्रवास करायचा नाही. मागून वि.बाई बोलल्या, "इनबाई, पावणेदोन तास लागत्यात बगा. मी तिथूनच आले की. आपली वैजापूरची एसटी यापरीस लई येळ खाती."
रेवती हसली. त्यांच्याबरोबर.

७ फेब्रु.
चूक माझीच. सपाट नकाशा उत्तरेकडे ताणलेला असतो. भूगोल घेऊन बी.ए. झाले, तीस वर्षं हेच मुलींना शिकवलं. गुलमंडीच्या बाजारातून पृथ्वीचा गोल आणला, दोरा धरला. साडेनऊशेच्या आसपास.
हे म्हणाले, "मग सांग की फोन करून."
सांगितलं नाही. दहावी शिकलेल्या बाईला बरोबर माहीत होतं, कारण ती तिथं आहे.

१५ फेब्रु., रविवार
पोचल्या. एक तास चाळीस मिनिटं. विमान हललं तेव्हा वि.बाईंनी हात घट्ट धरून ठेवला होता, असं रेवतीने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

१६ फेब्रु.
वि.बाईंचा फोन, थेट मला.
"इनबाई, हे घर भाड्याचं हाय, महिन्या-दोन महिन्यांचं. तुमच्या लेकीचं नाय. मंग तुमचा नेम कुठं मोडतोय? या की."
"आणि पाणी?"
"ते नळाला येतंय. लेक नाय भरत."
हे खोकत खोकत गॅलरीत गेले. हसायला, दुसरं काय.
दिवसभर कशात लक्ष नाही. तोड निघाली, तीही त्यांनीच काढायची. मला चार महिन्यांत सुचली नाही. की सुचू दिली नाही?

२० फेब्रु., शुक्रवार
मुंबईला जाऊन व्हिसाचे कागद दिले. पंधरा दिवस धरून चाला म्हणाले. रेवतीची तारीख आठ मार्च.

२२ फेब्रु.
डिंकाचे लाडू वळले. मग कळलं, वि.बाई डिंक इथूनच घेऊन गेल्यात, तिथं डबा भरून तयार आहे. माझेही बॅगेत भरले.
संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, "रोज पोटावर हात ठेवून सांगते त्याला, आईची आई येईस्तोवर थांब म्हणून."
बरं, म्हटलं.
हात मात्र त्यांचाच.