कॅटफिशचे सोबती

रविवार, धाराशिव

कॅटफिशनं कालच आणलेले सगळे बारके मासे गिळले! टाकीत त्याच्या सोबतीला आता सोडावं तरी काय? मी वैतागले, तर आप्पा चक्क हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"शेतातल्या विहिरीत म्या मांगूर, ह्याच्यासारकाच मिशीवाला मासा, सोडला, तवा बी बारकी मासळी अशीच गायब झाली. तुझी आई लई भांडली. मग मोठे रोहू आणले. ते काय त्याच्या तोंडात मावंनात!"

म्हणून संध्याकाळी दुकानातून तळहाताएवढे चपटे मासे आणले. कॅटफिश मिशा हलवत त्यांच्याजवळ गेला, अन् मुकाट्यानं तळाशी जाऊन बसला.

"रोहूंना तुझी आई हातानं भाकरी चारायची," आप्पा म्हणाले. खुर्ची टाकीजवळ ओढून किती तरी वेळ तिच्याबद्दलच बोलत होते. हेच ऐकायचं होतं मला, कधीपासून.