वर्षिणी हसत नाही

२२ सप्टेंबर, सोमवार
इकडच्या रीतीप्रमाणे नवरात्राच्या बाहुल्या मांडल्या. सासूबाईंनी पायऱ्यांवर पांढरं कापड अंथरलं. आईनं लग्नात दिलेली लाकडी राजा-राणीची जोडी मी पुसून सगळ्यात वर ठेवली. राणीचं रंगवलेलं हसू अजून जसंच्या तसं. आता दसऱ्यापर्यंत अख्ख्या सरस्वतीपुरममधल्या बायका हळदीकुंकवाला येणार. बाहुल्या बघून झाल्या की माझं तोंड बघणार.

२३ सप्टेंबर
आल्याच! गोदावरीबाई कुंकू लावता लावता म्हणाल्या, "सुप्रीता, स्वल्प नगू ग, थोडं हस. हसायला काय लागतं?" हसले. म्हणजे ओठ ताणले. बाईंनी घाईघाईनं तबक खाली ठेवलं. जाताना दारात सासूबाईंना सांगून गेल्या — तुमच्या सुनेला भारी जंभ आहे बाई. जंभ! मला केस विंचरायला उठवत नाही, गर्व कुठून करू?

२५ सप्टेंबर
प्रणेश मेटगळ्ळीच्या कारखान्यातून घरी आला. चपला काढायच्या आत विचारतो, "रागावलीस?" नाही. "मग चेहरा असा का?" असा म्हणजे कसा, ते त्याला सांगता येईना. कारखान्यातलं मशीन बंद पडलं की तासाभरात कारण शोधतो म्हणे. हुशार आहे माझा नवरा.
राग येतो, पण इथे, लिहिताना. तोंडापर्यंत पोचतच नाही.

२७ सप्टेंबर
बायकांचा नवा शोध — साडेचार महिन्यांची झाली तरी माझी वर्षिणी हसत नाही. सासूबाई टाळ्या वाजवतात, खुळखुळा हलवतात. ती नुसती बघते.

२९ सप्टेंबर, सोमवार
मुलांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. फायलीवर नाव वर्षिणीचं. तिचे कान बघितले, डोळे बघितले, सगळं ठीक. मग बाई माझ्याकडेच बघायला लागल्या.
"हिच्याशी बोलताना तुम्ही हसता का?"
म्हटलं, मी दूध पाजते, न्हाऊ घालते, लंगोट बदलते.
"ते नाही विचारलं. बाळंतपणानंतर काहींचं मन आजारी पडतं. चेहरा हलत नाही. त्याला औषध आहे."
आणि मनाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. आजारी बाळ दाखवायला जावं, तर आईलाच आजारी ठरवतात! घरी येऊन सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी वर्षिणीची दृष्ट काढली. चिठ्ठी मी राणीच्या पायाखाली सारली.

२ ऑक्टोबर
दसरा. एकोणीस बायका. एकोणीस वेळा ओठ ताणले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
बाहुल्या आवरायला घेतल्या. वर्षिणी कडेवर होती. राणी उचलली, खाली चिठ्ठी तशीच. वर्षिणीनं राणीच्या तोंडाकडे बघितलं आणि हसली. बोळकं उघडून, खदखदून. मी तिला माझ्याकडे वळवलं. म्हटलं, "इकडे बघ, माझ्याकडे."
तिनं बघितलं. हसू गेलं. ओठ मिटून बघत राहिली, अगदी माझ्यासारखी.
लाकडाला जमतं! फार वाईट वाटलं. रडूसुद्धा चेहऱ्यापर्यंत आलं नाही.

४ ऑक्टोबर
चिठ्ठीतल्या डॉक्टरांकडे गेले. एकटीच. बाहेरच्या मुलीनं फायलीवर लिहायला पेशंटचं नाव विचारलं.
सुप्रीता, म्हटलं.