विनयाचे यंत्र आणि माझे पातेले

तीर्थस्वरूप मंदामावशी,

हॅमिल्टनहून सुरुचीचा साष्टांग नमस्कार. आपल्या गुडघ्यांना पुण्याची थंडी मानवत असेल, अशी आशा करते. आपण ताजी कल्हई लावून पाठवलेले पितळी पातेले रोज वापरात आहे. चिंचेचे सार मी त्यातच करते आणि विनयाच्या नजरेस पडेल अशा बेताने त्याचे फोटो टाकते.

पत्रास कारण आपली कन्याच. आपल्या विनयाला (वाणिज्य शाखा, द्वितीय श्रेणी) इकडच्या अल्बनीतील एका आरोग्यसंस्थेने मुलांच्या रक्तातील शिसे तपासणारे यंत्र दिले आहे. जेवणाच्या डब्याएवढे असते ते. बोट टोचून थेंबभर रक्त घातले की काही मिनिटांत आकडा दाखवते. दुधातील धातूंच्या पृथक्करणावर डॉक्टरेट मिळवली मी, आणि पापाटोएटोच्या सभागृहात, इकडच्या मराठी मंडळाच्या तपासणी शिबिरात, टाळ्या तिला! अध्यक्ष काशिनाथकाकांनी तर माइकवरून तिला चक्क 'डॉक्टर विनयाताई' म्हटले. मी जागेवरून उठून दुरुस्ती सुचवली. (माइक माझ्याकडे नसल्याने ती कोणाला ऐकू गेली नाही.)

रांगेतील मुलांचे हात चिकट; बोटावरची धूळ थेंबात मिसळली की आकडा फुगतो. त्यांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून मी आमच्या लेकीला, सिद्धीला, पुढे केले. घर नवे, रंग नवा, पाणी गाळलेले. हिच्या रक्तात शिसे निघाले तर यंत्रच खोटे, असे मी सर्वांसमक्ष जाहीर केले. तिचे हातही मी स्वतः, नखांना ब्रश लावून, धुतले.

आकडा निघाला, आणि तो त्या दिवसाचा सर्वांत मोठा होता. विनयाने विचारले, "ताई, हात नीट धुतले होतेस ना गं?" मग हळूच म्हणते, "आईचं ते पातेलं अजून वापरतेस?"

"तुला मिळालं नाही म्हणून जळतेस!" मी म्हणाले.

या वेळी माइक शेजारीच होता, आणि चालू होता.

"मम, एव्हरीवन हर्ड दॅट," सिद्धी म्हणाली, आणि हॅमिल्टनपर्यंत कानाला हेडफोन लावून बसली.

यंत्र सदोष आहे, हे माझे मत ठाम आहे. केवळ रीत म्हणून सिद्धीच्या शिरेतले रक्त प्रयोगशाळेत दिले आहे. निकालाची मला मुळीच काळजी नाही. (झोप लागत नाही, ती इकडच्या हवेमुळे.)

आपली,
सुरुची

ता. क. निकाल आला. आकडा तोच. डॉक्टर म्हणतात, वेळेवर कळले. शिसे पोटात जाणे थांबले की तो हळूहळू उतरेल.

आणखी एक. कल्हई खरवडून मी आमच्या प्रयोगशाळेत तपासली. तिच्यात शिसे भरपूर आहे, आणि आंबट सारात ते रोज उतरत होते. आपली भांडी त्याच कल्हईवाल्याकडची असतील तर आजच बाजूला ठेवा.

शेवटचे. सिद्धीची तपासणी पुन्हा करायची आहे. सुई म्हटली की ती रडते; विनयामावशीने टोचले तरच बोट पुढे करीन म्हणते. तेव्हा विनयाला यंत्र घेऊन इकडे यायला सांगा, पण आपल्यालाच सुचल्यासारखे. पातेले मी तिला द्यायला तयार आहे (शोभेसाठी). यंत्र बरोबर होते, हे मात्र तिला आपण सांगू नका. ते मीच सांगेन. माइक नसताना.