टेबल चालत आलं त्याची गोष्ट

सूनबाई,

अंघोळीहून आलीस की टेबल दारात आडवं दिसेल, घाबरू नकोस. तू शिकवलंस तसा रबरी पट्टा त्याच्या पायाला बांधला, दुसरं टोक टाचेत अडकवलं, पालथा पडून टाच मागे ओढली, तर टेबलच निमूट माझ्यामागे चालत आलं! भिंतीला बांधला असता तर शेजारी चहासकट आपल्या घरात आले असते.

मांडी आखडल्यापासून वरच्या मजल्यावरच्या माझ्या शिंपी दोस्ताचं तोंड पाहिलेलं नाही. त्याला उतरवत नाही, मला चढवत नव्हतं. आज जिना चढतोय, एकटाच. कठडा सोडणार नाही, तुझी शपथ. नवऱ्याला फोन करून चहाडी करू नकोस.

छतावर काठी आपटल्याचा आवाज आला की समज, पोचलो. काठीला आता तेवढंच काम उरलंय.

तुझा पैलवान सासरा